उतारावरच्या लाल रिबिनी

किल्लीमामाला राष्ट्रीय उद्यानातून हाकलून दिलं, ही बातमी गल्लीत पसरायला रविवारची अख्खी दुपारही लागली नाही. इस्त्रीवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे मामाच्या पोत्यात हरणाची शिंगं सापडली. दूधवालीने शिंगं साफ नाकारली. "शिंगं कसली, सशाची पिल्लं होती. विकायला नेत होता," ती म्हणाली, आणि मापं भरता भरता पिल्लांचे रंगही सांगून मोकळी झाली. तळमजल्यावरच्या आजोबांनी तर प्रत्यक्ष पाहिलं होतं. म्हणजे त्यांच्या जावयाने पाहिलं होतं, म्हणजे जावई ज्या बसमध्ये होता तिच्या कंडक्टरने पाहिलं होतं, की रेंजरसाहेबांनी एका हातात पोतं आणि दुसऱ्या हातात मामाचा दंड असा धरलाय आणि त्याला फाटकाबाहेर काढतायत.

यातलं खरं एवढंच, की पोतं रेंजरसाहेबांच्या हातात होतं. मामा ते सभेत विसरून चालता झाला होता आणि साहेब ते परत द्यायला मागून धावत आले होते. पोत्यात हातमोजे, चिमटा, पाण्याची बाटली आणि उकडलेल्या अंड्यांचा डबा होता. दंड कोणी धरला नव्हता. हाकललं तर मुळीच नव्हतं. पण गल्ली जे बोलत होती त्याने मामाला जरा बरंच वाटलं असतं. शिंगं चोरली असती तर त्याला मान वर करून भांडता तरी आलं असतं.

किल्लीमामा हा माझा सख्खा मामा, पण आता तो सगळ्या गल्लीचाच मामा झालाय. जिन्याखाली दाराएवढ्या रुंदीचं त्याचं दुकान आहे. आत तो, किल्ल्या कापायचं यंत्र आणि भिंतीभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या एवढंच मावतं. गिऱ्हाईक बाहेर उभं राहतं. यंत्र इतकं किंचाळतं की मामाला ओरडून बोलायची सवय लागलीय, आणि यंत्र बंद पडलं तरी तो ओरडतच असतो. "म्हणजे बघा, काय म्हणतो मी," इथून त्याचं प्रत्येक वाक्य सुरू होतं, आणि मग तो काय म्हणतो ते शोधायला त्याला थोडा वेळ लागतो. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणतो, "कुलूप चांगलं होतं, मीच चुकीच्या दारात उभा राहिलो." जेवायला आमच्याकडे. माझी आई त्याची थोरली बहीण. तो तिला ताई म्हणतो, आणि ही गोष्ट त्याची असल्यामुळे इथे तीही ताईच.

ताई शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होती. शिवून आलेला शर्ट तिच्या टेबलावर यायचा, ती तो दिव्याखाली एकदा उलटा, एकदा सुलटा फिरवायची आणि सुटलेल्या टाक्यावर खडूने रेघ मारायची. घरीही तेच. पाहुणा दारात उभा असतानाच त्याच्या खिशाचा दोरा कुठे उसवलाय ते ती सांगायची. लोक तिच्यासमोर जरा ताठ बसायचे.

गावाच्या कडेलाच राष्ट्रीय उद्यान आहे. जंगल अफाट आणि सरकारी माणसं हातावर मोजण्याइतकी, त्यामुळे रविवारी तिथे अर्ध्या गावाचा राबता असतो. कचरा वेचणारे वेगळे, तण उपटणारे वेगळे, पावसाने खचलेल्या पायवाटा बांधणारे वेगळे, पक्षी मोजणारे तर अगदीच वेगळे. ते कोणाशी बोलत नाहीत, पक्षी उडतील म्हणून. शिवाय रोपं लावणारी एक संस्था आहे. तिच्या प्रमुख बाईंना सगळे प्रकल्पबाई म्हणतात, कारण साध्या खड्ड्यालाही त्या प्रकल्प म्हणतात. "आपण सगळे इथे भागीदार आहोत, आणि भागीदारीची मुळं विश्वासात असतात," असं त्या बोलतात आणि मग खरोखरच गुडघ्यावर बसून हाताने माती उकरतात, त्यामुळे त्यांना हसताही येत नाही. या सगळ्यांच्या वर रेंजरसाहेब. उद्यानातल्या पाट्या गेली कित्येक वर्षं तेच लिहीत आलेत, आणि आता बोलतातही तसेच. कोणी चहा दिला तर म्हणतात, "चहा गरम आहे. सावकाश घ्यावा."

मामा कचरा वेचणाऱ्यांत होता आणि ताई तण उपटणाऱ्यांची पुढारीण. मामाचं पोतं सगळ्यांत आधी भरायचं, याचा त्याला भारी तोरा. फाटकाशी पोती वजनाला लागली की तो मुद्दाम काट्याजवळ रेंगाळायचा.

तर झालं असं. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक उघडा उतार होता. एका रविवारी खालच्या मैदानात कोणाचा तरी वाढदिवस होऊन गेला होता. फुगे, पुठ्ठ्याच्या टोप्या, लाल चकचकीत पट्ट्या सगळीकडे पसरल्या होत्या. मामाने मैदान धुऊन काढल्यासारखं साफ केलं आणि नजर वर टाकली, तर उतारावरही लालेलाल. जवळ जाऊन बघतो तो प्रत्येक इवल्याशा झुडपाच्या देठाला लाल रिबीन बांधलेली, अगदी फुलासारखी गाठ मारून.

"बघा कशी रिकामटेकडी पोरं असतात," मामा एकटाच ओरडला. "झाडांनाही पार्टीला बसवलं."

खिशातला छोटा चाकू काढून त्याने एकेक रिबीन कापली. जपून कापली, देठाला ओरखडासुद्धा न येऊ देता. पोतं भरलं म्हणून ओढ्याजवळच्या चारदोन राहिल्या. आणि खाली येता येता त्याने एक रिबीन ताणून बघितली. मजबूत होती, नवी कोरी होती, पाण्याने विरणारी नव्हती. असली वस्तू कचऱ्यात टाकणं त्याच्या जिवावर आलं. उद्यानातून काही बाहेर न्यायचं नाही, हा तिथला पहिला नियम. मामाने रिबिनींचा गुंडाळा शर्टाच्या आत सरकवला आणि काट्यावर फक्त फुगे ठेवले.

त्या आठवड्यापासून दुकानातली प्रत्येक नवी किल्ली लाल रिबीन लेऊन बाहेर पडू लागली. "म्हणजे बघा, पिशवीत हात घातला की सापडली पाहिजे," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. इस्त्रीवाल्याच्या किल्लीला रिबीन, दूधवालीच्या किल्लीला रिबीन. रेंजरसाहेब अवजारांच्या कोठीचं कुलूप बदलायला आले तेव्हा त्यांच्या जुडग्यालाही मामाने हौसेने रिबीन बांधून दिली. साहेब म्हणाले, "उपयुक्त आहे."

पुढच्या रविवारी ताईची तुकडी त्याच उतारावर तण काढायला चढली. हे तण आणि नवी लावलेली रोपं लहानपणी जुळ्या भावंडांसारखी दिसतात, म्हणून तण काढणाऱ्यांना एकच गोष्ट सांगितलेली असते: रिबीन दिसली तर हात मागे, नाही दिसली तर उपट. तुकडी ओढ्यापर्यंत गेली नाही, आणि उतारावर ताईला एकही रिबीन दिसली नाही. रोपं उताराच्या पलीकडे लावली असतील असं तिला वाटलं. माणसं झपाट्याची होती. संध्याकाळपर्यंत उतार न्हाव्याने भादरल्यासारखा झाला, आणि उपटलेला ढीग गाडीत घालून खतासाठी दळायलाही गेला.

प्रकल्पबाई पाणी घालायला माणसं घेऊन आल्या, तेव्हा पाणी घालायला काही उरलंच नव्हतं.

सगळ्या गटांना उतारावर बोलावलं गेलं.  प्रकल्पबाईंनी नुसती ओढ्याजवळच्या एका रोपाची रिबीन सोडवून वर धरली. त्या म्हणाल्या, "प्रत्येक रोपाला होती. बी गोळा करण्यापासून आम्ही..." आणि पुढे भागीदारी, मुळं, काहीच आलं नाही.

मामा मागच्या रांगेत होता. त्याने ती रिबीन बघितली, मग त्याची नजर आपोआप रेंजरसाहेबांच्या कमरेकडे गेली. तिथे जुडग्यावर तीच रिबीन वाऱ्याने फडफडत होती. 

"आम्हाला एकही दिसली नाही हो," ताई म्हणाली.

"रिबीन होती, हे सिद्ध आहे," रेंजरसाहेब म्हणाले. "दिसली नाही, हे म्हणणे आहे. रिबिनींसकट रोपे ढिगात गेली असावीत."

"माकडं नेतात," मामा मागून ओरडला. "म्हणजे बघा, चकचकीत वस्तू."

पक्षी मोजणाऱ्यांतल्या एकाने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "या उद्यानात माकडं नाहीत."

"मग वारा असेल," मामा म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपला आवाज चिमुकला झालाय.

परत येताना बसमध्ये ताई खिडकीशी बसली होती. बाहेरची दुकानं बघत होती. मग म्हणाली, "ते तिसऱ्या दुकानावर काय लिहिलंय रे?"

"छत्र्या दुरुस्त करून मिळतील."

"हं," ती म्हणाली. "मलाही तसंच वाटलं." आणि पुढच्या पाटीकडे बघू लागली. घरापर्यंत ती पाट्या वाचत आली, आणि मधूनमधून त्याला विचारून ताळा करत राहिली. मामा एकेक पाटी खरीखरी वाचून दाखवत होता. तेवढं मात्र त्याने खरं सांगितलं.

त्या दिवसापासून त्याने सांगायचं ठरवलं. दुकानात तालीम केली. टांगलेल्या किल्ल्यांसमोर उभं राहून, हात जोडून, हात न जोडता, हसत, न हसता. "ताई, म्हणजे बघ, काय म्हणतो मी." घरी आला, पानावर बसला, तोंड उघडलं. "ताई, म्हणजे बघ..."

"काय?"

ती वळून बघत होती. 

"भाजीत मीठ कमी आहे," तो म्हणाला.

मीठ अगदी बरोबर होतं. ताईने एक घास घेतला, चघळला, पुन्हा घेतला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा धीर केला आणि आमटी तिखट झाली म्हणाला. तिसऱ्यांदा भात कच्चा. त्या वेळी ताईने डाव खाली ठेवला. "डोळ्यांबरोबर जीभही चालली वाटतं माझी," ती म्हणाली. हे ती चेष्टेने म्हणाली असती तर ठीक होतं. चेष्टेने म्हणाली नाही. मामाने पुढचं सगळं जेवण मान पानात घालून संपवलं.

धीर होत नव्हता, पण भीती मात्र कामाला लागली. मामा दारोदार फिरू लागला. "किल्ली बघू जरा, दाता बरोबर कापलाय ना ते बघतो," असं म्हणायचा आणि हळूच रिबीन कापून खिशात टाकायचा. दूधवाली म्हणाली, "अहो, ती का काढता? बरी दिसत होती." मामा म्हणाला, "रंग जातो तिचा." रिबिनी बिस्किटांच्या जुन्या डब्यात जमा झाल्या. फक्त एक त्याच्या हाती येईना. रेंजरसाहेबांच्या कमरेला हात घालायची सोय नव्हती.

मग ताई डोळे तपासायला निघाली. "चल रे माझ्याबरोबर, थेंब घातले तर परत येताना दिसायचं नाही," ती म्हणाली. मामा गेला.

दवाखान्याची बाहेरची खोली लहान होती. तिथे चार खुर्च्या, एक मासा नसलेली मासोळ्यांची पेटी आणि आतल्या खोलीला अर्धं दार. मामा मासिकाचं एकच पान धरून बसला आणि सगळं ऐकत राहिला. ताईने अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "जवळचा अगदी किरकोळ नंबर आहे. वयाने येतोच."

"लाल बघा माझा डॉक्टर. लाल दिसत नाही मला बहुतेक."

डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक काढलं. ताईने प्रत्येक पानावरचा आकडा सांगितला.

"लाल उत्तम आहे."

"मग दिसल्या का नाहीत?"

"काय दिसल्या नाहीत?"

"रिबिनी," ताई म्हणाली. डॉक्टरांकडे याला उत्तर नव्हतं. ज्याच्याकडे होतं तो अर्ध्या दाराच्या बाहेर बसून मासिकाचं तेच पान वाचत होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. दवाखान्यातली जमीन पक्की फरशीची होती, तिने मामाला घेतलं नाही.

ताईने चष्मा केला आणि तो दिवसभर लावू लागली. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण तिने कारखान्यात मुकादमाला जाऊन सांगितलं, की मला तपासणीच्या टेबलावरून काढा आणि बांधणीला घाला, खोक्यांत शर्ट भरायला. मुकादम तयार नव्हता. ताईच मागे लागली. "उद्या माझ्या हातून उसवलेला शर्ट पुढे गेला तर तुम्ही बोलणार नाही, पण मला कळेल," ती म्हणाली. हे तिने घरी येऊन सांगितलं. त्या दिवशी जेवणाला नाव ठेवायचीही मामाची हिंमत झाली नाही.

पुढच्या रविवारी माहिती केंद्रात सगळ्या गटांची सभा होती. भिंतीवर उद्यानाचा मोठा नकाशा, कडेने बाकं, आणि मागच्या कोपऱ्यात सगळ्यांची पोती. रेंजरसाहेब उभे राहून म्हणाले, "उतारावरील प्रकार गंभीर आहे. तण काढणाऱ्या गटाचे काम पुढील सूचनेपर्यंत थांबविण्यात येत आहे. अवजारांच्या कोठीची गटाकडील किल्ली जमा करावी."

ताई उठली. नवा चष्मा नाकावरून घसरत होता, तो तिने बोटाने वर सारला.

"किल्ली देते," ती म्हणाली. "पण गट बंद नका करू. बाकीच्यांनी मी दाखवलं तेवढंच उपटलं. नजर माझी गेलीय. मी शर्ट तपासते, म्हणजे तपासायची. तिथूनही मी स्वतःला काढून घेतलंय. इथूनही मलाच काढा."

 मग प्रकल्पबाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "असा प्रामाणिकपणा हीच खरी भागीदारी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पायवाटा बांधणारा गवंडी, एरवी कोणाचं कौतुक म्हणून करत नाही, त्यानेही वाजवल्या. आणि मामा खाली बघतो तर त्याचेही हात टाळ्या वाजवतायत.

सगळ्यांच्या थांबल्या. मामाच्या थांबेनात. एकट्याच्याच टाळ्या खोलीत वाजत राहिल्या, तशी एकेक मान वळली.

"आपणास काही बोलावयाचे आहे का?" रेंजरसाहेबांनी विचारलं.

"रिबिनी मी काढल्या," मामा म्हणाला. या वेळी त्याने वाक्याच्या आधी 'म्हणजे बघा' म्हटलं नाही.

"म्हणजे उपटल्या?" प्रकल्पबाई.

"नाही. कापल्या. देठाला न लागता. कचरा वाटला."

गवंडी खो खो हसला. "पुढच्या वेळी पानंही वेच की, तीही पडलेली असतात."

"मग वजनाच्या काट्यावर रिबिनी कशा नव्हत्या?" साहेबांनी विचारलं.

मामाचे कान आता रिबिनींसारखेच लाल झाले होते. "नेल्या घरी. आवडल्या. किल्ल्यांना बांधल्या. एक तुमच्या कमरेला आहे."

रेंजरसाहेबांनी खाली बघितलं. सगळ्यांनी बघितलं. मग असा हशा उसळला की बाकं हलली. पक्षी मोजणारेसुद्धा हसले. साहेबांनी गंभीर चेहऱ्याने जुडगा सोडवून टेबलावर ठेवला. इथेच मामा बसला असता तर गमतीवारी निभावून गेला असता. वेंधळा माणूस, करायला गेला एक आणि झालं एक, असं म्हणून लोकांनी पाठीवर थापही मारली असती. मामाला ते समोर दिसत होतं. त्याने बाकाची कड घट्ट धरली.

"बाकीच्या मी परत गोळा केल्या," तो म्हणाला. "गुपचूप. दारोदार जाऊन. कोणाला कळू नये म्हणून. उतारावर तुम्ही रिबीन वर धरलीत ना बाई, तेव्हाच मला कळलं होतं."

हशा कापल्यासारखा थांबला. ताईने चष्मा काढला, घडी केली, डबीत ठेवला, डबी बंद केली.

"डोळे तपासायला गेलो तेव्हा तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

ती खाली बसली. मामाने अंगातलं स्वयंसेवकाचं पिवळं जाकीट काढून बाकावर ठेवलं आणि निघाला. पोतं कोपऱ्यातच राहिलं. फाटकापाशी रेंजरसाहेबांनी त्याला गाठलं तो प्रसंग गल्लीला माहीत आहे. साहेब काय म्हणाले ते मात्र गल्लीला माहीत नाही. ते म्हणाले, "आपली वस्तू राहिली. जाकीट जमा करण्याचा आदेश नाही. पुढील रविवारी यावे." आणि थोडं थांबून, पाटीवर न मावणारं एक वाक्य बोलले: "मीही रोज ती रिबीन बघत होतो हो."

घरी ताईने त्याला पान वाढलं. तो ते न शिवता बसून राहिला.

"रोपं पुन्हा लावतील," ती म्हणाली. "मी रोज कामावर जाताना रस्त्यातल्या पाट्या वाचत जात होते. तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि मिठाचं?"

"मीठ बरोबर होतं, ताई. भातही शिजलेला होता."

यावर ताई काहीतरी बोलेल म्हणून मामा वाट बघत राहिला. ओरडली असती, ताट उचललं असतं, तरी त्याला सुटल्यासारखं वाटलं असतं. ती आत गेली आणि धुणं वाळत घालू लागली. कपड्यांची बाही आणि बाही जुळवून, चिमटे लावून, नेहमीपेक्षा जरा सावकाश.

सोमवारी ती मुकादमाकडे गेली. तपासणीच्या टेबलावर तोवर एक नवी मुलगी बसली होती. चांगली होती, घरची गरजू होती. तिला उठवा असं ताई म्हणाली नाही, म्हणणारही नव्हती. ती अजून बांधणीलाच आहे. जागा झाली की बघू, असं मुकादम सांगतो. मामाला कारखान्याच्या बाजूने जायचं झालं तर तो लांबच्या रस्त्याने जातो.

उद्यानात मात्र गोष्टी बदलल्या. तण काढणाऱ्यांचा गट ताईसकट चालू राहिला. रविवारी काम सुरू व्हायच्या आधी सगळे गट आता एकत्र चहा पितात, आणि कोणी कुठे काय बांधलंय, काय पुरलंय, काय उपटायचंय ते एकमेकांना सांगतात. प्रकल्पबाई याला संवादाचा पूल म्हणतात. गवंडी म्हणतो, "पूल म्हणा, पण खांब या मामाने पाडला म्हणून बांधावा लागला." मामा खाली बघून हसतो. त्याने कचऱ्याचा चिमटा सोडला आणि उतारावर नव्या रोपांना खालच्या नळावरून पाण्याच्या बादल्या वाहायचं काम मागून घेतलं. ताई त्याच्याशी त्या उतारावर बरेच दिवस बोललीच नाही. तो एखाद्या रोपाशेजारी उगवलेल्या कोंबावर बोट ठेवून विचारायचा, "हे?" ती दुरूनच बघून मान हलवायची. एक दिवस ती म्हणाली, "नाही. ते राहू दे." तेवढ्या चार शब्दांवर मामा संध्याकाळपर्यंत बादल्या वाहत होता.

नव्याने येणाऱ्या माणसांना नियम समजावून सांगायचं कामही त्यानेच अंगावर घेतलं. पहिल्यांदा त्याने "आपल्यातल्या एका माणसाने" असं सांगितलं. नंतरच्या खेपेला "मी" म्हणाला, रिबिनी, किल्ल्या, साहेबांची कंबर सगळं सांगितलं, आणि लोक पोट धरून हसले. गोष्ट मात्र त्याने हशापाशीच संपवली. दुकानापाशी मी त्याला म्हटलं, "मामा, तू दवाखान्याचं कधीच सांगणार नाहीस. हशा असतो तेवढंच सांगतोस."

तो यंत्रावर किल्ली घासत होता. थांबला. "लाव पैज," तो म्हणाला. हरेल त्याने सगळ्या गटांची पोती धुवायची, असं ठरलं. मी बिनधास्त होते. माणसं मला चांगली ओळखता येतात. मामाचं तर प्रत्येक खाकरणं मला कळतं.

पुढच्या रविवारी नवी माणसं बरीच होती, आणि ताई नळाशी बादल्या भरत होती. मामाने रिबिनी सांगितल्या, हशा झाला. साहेबांची कंबर सांगितली, आणखी हशा झाला. मग तो म्हणाला, "आता हसू नका. मला माहीत असताना मी बहिणीबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिने सगळी अक्षरं बरोबर वाचली. मी बाहेर बसून ऐकली, आणि घरी येऊन तिच्या हातच्या भाजीला नावं ठेवली. त्या बाई त्या तिथे उभ्या आहेत. त्यांची नजर पहिल्यापासून चांगली होती." त्याचा आवाज दुकानातल्यासारखा मोठा नव्हता, तरी शेवटच्या माणसापर्यंत गेला.  ताईने मान वर केली नाही, पण बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायचं तिला सुचलं नाही.

पैज मी हरले. पोती धुवायला मला दुपार पुरली नाही. शिळ्या फुग्यांचा वास हातांना अजून आहे, आणि मामा येता-जाता विचारतो, कोपरे नीट घासलेस ना.